पावसाआधीची रसद : लोकबिरादरी प्रकल्पाचा पुरवठ्याच्या वाटेने सांगितलेला इतिहास

संस्थेचा इतिहास बहुधा माणसांच्या नावांनी लिहिला जातो, आणि हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या बाबतीत ते रास्तच आहे. बाबा आमटे, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे, विलास आणि रेणुका मनोहर, त्यांच्यासोबत रानात राहायला आलेले कार्यकर्ते, आणि आता डॉ. दिगंत, डॉ. अनघा, अनिकेत आणि समीक्षा ही पुढची पिढी. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. या स्मरणिकेत मी वेगळ्या वाटेने जाणार आहे. मिठाचे पोते, रॉकेलचे पिंप, क्विनाइनचे इंजेक्शन आणि प्रतिविषाची कुपी पाऊस पडण्याआधी हेमलकशाला पोचली की नाही, या एका प्रश्नाभोवती या संस्थेची पन्नास वर्षे फिरली आहेत. डॉक्टर कितीही निष्णात असला तरी कपाटात औषध नसेल तर त्याच्या हाती काही राहत नाही. म्हणून रसदीचा इतिहास हा माझ्या मते दवाखान्याचाच इतिहास आहे.

23 डिसेंबर 1973 रोजी प्रकल्प सुरू झाला. त्याआधी तीन वर्षे, 1970 मध्ये, बाबा आमटे आपल्या नुकत्याच डॉक्टर झालेल्या मुलांना घेऊन भामरागडला आले होते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम, साग-बांबूचे दाट रान आणि परका माणूस दिसला की दूर पळणारे माडिया आदिवासी. प्रकाश आमट्यांनी इथेच काम करायचे ठरवले ते तेव्हा. जमीन मिळायला मात्र 1973 उजाडले. वरोऱ्याची महारोगी सेवा समिती ही मातृसंस्था 1949 ची, तिचे आनंदवन 1951 चे. वरोरा ते हेमलकसा हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिंपरी, आष्टीला वैनगंगा, मग आलापल्ली, आणि तिथून पुढे साठेक किलोमीटरचा तो शेवटचा टप्पा, ज्याने या संस्थेला जे शिकवायचे ते सगळे शिकवले. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हता. तो 26 ऑगस्ट 1982 ला झाला. जिल्ह्याचे ठिकाण चंद्रपूर, म्हणजे एखाद्या कागदावर सही हवी तरी सगळे रान ओलांडून जायचे.

डिसेंबर म्हणजे उघाडीचा मोसम. नाले आटलेले, ट्रक कसाबसा का होईना पोचणारा. पण सहाच महिन्यांत मृग लागला, नाले भरले आणि वाट बंद झाली. पहिल्या वर्षांत पावसाळा आणि त्यानंतरची ओल धरून वर्षातले जवळजवळ सहा महिने हेमलकशाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. वीज नव्हती, फोन नव्हता. कंदील आणि बॅटरीच्या उजेडात शस्त्रक्रिया होत. विजेवाचून दीड दशकाहून अधिक काळ गेला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हे रान दुर्गम होते, पण तिथून माल बाहेर जात नव्हता असे मुळीच नाही. आलापल्लीचा साग इंग्रजांच्या काळापासून नावाजलेला. बल्लारशाचे रेल्वे स्थानक आणि तिथला लाकडाचा डेपो हे या व्यापाराचे दार. 1945 साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू लागे, आणि तो याच रानांतून ट्रकामागून ट्रक भरून जाई. 1974 मध्ये राज्याचे वनविकास महामंडळ उभे राहिले. अगदी अलीकडे, 2023 मध्ये, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी याच भागातला साग बल्लारपूरहून निघाला. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. जेमतेम दोन-तीन आठवड्यांत पाने तोडायची, वाळवायची, गोण्या भरायच्या आणि पहिल्या पावसाआधी गोदामात नेऊन टाकायच्या. मोहफुले मार्च-एप्रिलची, चारोळी एप्रिल-मेची.

म्हणजे रानातले सगळे रस्ते, डेपो, ट्रकांचे फेरे, मजुरांचे हिशेब एका दिशेने आखलेले होते. माल आतून बाहेर जायचा, आणि तो कोरड्या हंगामात जायचा. पावसाळ्यात वाट बंद झाली तर व्यापाऱ्याचे काही बिघडत नव्हते, त्याचा हंगाम आधीच संपलेला असे. उलट त्याचा फायदाच होई. एप्रिलमध्ये स्वस्तात घेतलेला मोह श्रावणात त्याच माणसाला चढ्या भावाने विकता येई. मोलाची चारोळी देऊन आदिवासी मीठ घेऊन जाई, कारण मीठ रानात पिकत नाही आणि त्याच्यावाचून भागत नाही. या देवघेवीत माडियाची किती लूट झाली ते आता सर्वज्ञात आहे. माझ्या मते तिचे मूळ तराजूत जितके होते तितकेच कॅलेंडरात होते. ज्याच्याकडे साठा, तो पावसाळ्यात राजा.

दवाखान्याची गरज या सगळ्याच्या बरोबर उलटी होती. त्याला माल बाहेरून आत आणायचा होता. आणि त्याची मागणी सर्वात जास्त कधी? नेमकी वाट बंद असताना. हिवताप पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढतो, आणि राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा आजही मोठा असतो. त्यात मेंदूवर चढणारा फॅल्सिपेरम जातीचा ताप या भागात जास्त. हगवण आणि उलट्या पहिल्या गढूळ पाण्याबरोबर येतात. धानाच्या रोवणीसाठी माणसे अनवाणी चिखलात उतरतात, तेव्हाच बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडलेले असतात. घरात धान संपत आलेले असते, अंगात ताकद नसते, आणि याच दिवसांत आजार गाठतो. जून ते ऑक्टोबर हा रुग्णांचा हंगाम, आणि जून ते ऑक्टोबर हाच रस्ता बंद असण्याचा हंगाम. इतर कुठल्याही उद्योगात मागणी वाढली की पुरवठादार जोर लावतो. इथे मागणी चढली की पुरवठा शून्यावर येतो, आणि हे दरवर्षी, न चुकता.

या पेचाला उत्तर एकच होते. जे लागणार ते मे संपेपर्यंत आत आणून ठेवायचे. सांगायला हे एक वाक्य आहे. करायला बसले की त्यात किती प्रश्न दडले आहेत ते कळते. यंदा किती माणसांना हिवताप होईल? किती जणांना साप चावेल? किती बाळंतिणी अडतील? धान्य किती दिवस टिकेल, कुठली गोळी दमट हवेत विरघळेल, कुठल्या औषधाची मुदत ऐन ऑगस्टमध्ये संपेल? कमी आणले तर सप्टेंबरात माणूस जातो. जास्त आणले तर देणगीदाराचा पैसा वाया जातो, आणि तेव्हा पैसा फारच थोडा होता. मोठ्या कंपन्यांत या कामासाठी स्वतंत्र खाते असते, संगणक असतात, गेल्या दहा वर्षांचे आकडे असतात. हेमलकशात पहिल्या वर्षी मागचे वर्षच नव्हते.

मागणीचा अंदाज आकड्यांतून येत नाही तेव्हा तो माणसांतून घ्यावा लागतो, आणि माणसे तर दवाखान्याकडे फिरकत नव्हती. सुरुवातीचे महिने असे गेले की डॉक्टर आहे, औषध आहे आणि रुग्ण नाही. माडिया भाषा शिकण्याचे काम आमटे दांपत्याने आणि कार्यकर्त्यांनी त्या दिवसांत मनापासून केले. त्याकडे आपण सहसा आपुलकीचा भाग म्हणून पाहतो. ते तसे आहेच. पण पुरवठ्याच्या अंगानेही ती पहिली अट होती. कुठल्या गावात ताप पसरला आहे, कुणाच्या घरी आठवा महिना लागला आहे, कुठला नाला अजून ओलांडता येतो, ही बातमी माडियातच येत होती. ज्याला ती भाषा येत नाही त्याला आपल्या कपाटात काय असायला हवे तेच कळणार नव्हते. एक-दोन असाध्य वाटणारे रुग्ण बरे होऊन गावी परतले, तेव्हा बातमी उलट दिशेनेही धावली. मग खाटेची कावड करून, दोन खांद्यांवर तोलून, दिवसच्या दिवस चालत रुग्ण येऊ लागले. नदी आली की लाकूड कोरून केलेला डोंगा. रस्त्यावरचा शेवटचा टप्पा साठ किलोमीटरचा असेल, पण पायवाटेवरचा शेवटचा टप्पा माडियांच्या खांद्यांनी तोलला. पुरवठ्याच्या कुठल्याही आकृतीत तो दाखवलेला नसतो, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

बाहेरून येणाऱ्या मालाची साखळी अशी उभी राहिली. एका टोकाला आनंदवन, दुसऱ्या टोकाला हेमलकसा, आणि मध्ये आलापल्लीजवळचे नागेपल्ली. नागेपल्लीला प्रकल्पाने शेती उभी केली, आणि त्याच जागेने दुव्याचे काम केले. पक्की वाट जिथे संपते तिथे मधला मुक्काम. नाला उतरला की पुढे निघायचे, चढला की थांबायचे. रसदशास्त्राच्या पुस्तकात अशा जागेला मोठे नाव असेल. इथे ती गरजेतून उगवली. माल आणि माणूस दोघांनाही पावसात अडकून पडायला सुरक्षित छप्पर हवे, एवढा साधा विचार तिच्यामागे होता.

आनंदवनाचा वाटा मात्र केवळ गोदामाचा नव्हता. कुष्ठरोगातून बरी झालेली, पण घराने आणि गावाने परत न घेतलेली माणसे तिथे शेती करत होती, माग चालवत होती, लोखंडी सामान घडवत होती. त्यांच्यापैकीच काही जण हेमलकशाला झोपड्या उभारायला आणि रान साफ करायला आले. ज्यांच्या हातचे पाणी प्यायला समाज तयार नव्हता, त्यांच्या श्रमांवर महाराष्ट्राच्या सर्वात आतल्या दवाखान्याचा पाया रचला गेला. या संस्थेच्या इतिहासात मला याहून मोठी गोष्ट दिसत नाही.

आता औषधांविषयी जरा थांबून बोलतो, कारण रसदीचे खरे शहाणपण तिथे आहे.

1977 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी काढली. बाजारात हजारो नावे असली तरी दोनेकशे औषधांत बहुतेक आजारांचे काम भागते, असा तिचा अर्थ. ही यादी आरोग्यशास्त्राची म्हणून प्रसिद्ध आहे. ती तितकीच पुरवठ्याचीही आहे. नावे कमी असली की साठा सांभाळणे सोपे, मुदत पाहणे सोपे, नव्या कार्यकर्त्याला शिकवणे सोपे. दुर्गम दवाखान्याला हे कुणी कागदावर लिहून द्यावे लागत नाही, अडीचशे किलोमीटरची वाटच ते शिकवते. मीठ-साखरेच्या पाण्याचेही तसेच. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पुड्या बांधून पाण्यात कालवून पाजल्या, आणि मृत्यू झपाट्याने उतरले. काचेची जड बाटली वाहून आणण्याऐवजी मुठीत मावणारी पुडी आणायची. ज्या दवाखान्याची वाट सहा महिने बंद राहते, त्याला हा शोध किती मोलाचा वाटला असेल याची कल्पना शहरातल्या माणसाला येणार नाही.

सर्पदंशावरचे प्रतिविष ही तर स्वतंत्र कथा आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारे एकच प्रतिविष आपल्याकडे बनते. त्यासाठी आधी सापाचे विष लागते. देशाला लागणाऱ्या विषाचा मोठा भाग गेली कित्येक वर्षे तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतो. ही संस्था 1978 ची. साप पकडून त्यांची कातडी विकणे हे इरुलांचे पूर्वीचे काम. कायद्याने ते थांबल्यावर त्यांनी साप पकडून विष काढायचे आणि साप पुन्हा रानात सोडायचे असे काम उभे केले. ते विष थोड्या-थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात, घोड्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढतात, आणि ती कुपीत भरतात. परळच्या हाफकिनचे नाव महाराष्ट्राला या कामासाठी परिचित आहे.

प्रतिविष दोन रूपांत मिळते. पातळ प्रतिविष शीतकपाटात 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. गोठवून सुकवलेली भुकटी मात्र थंड, सावलीच्या जागी विजेवाचूनही बरीच वर्षे टिकते. वीज नसलेल्या दवाखान्याला यातले कुठले उपयोगी, हे सांगायला नको. म्हणजे औषधाचा गुण एक आणि त्याचे रूप दुसरे, आणि कित्येकदा रुग्णाचा जीव या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असतो. शिवाय विषबाधा झालेल्या एका रुग्णालाच सुरुवातीला आठ-दहा कुप्या लागतात, कधी पुन्हा तितक्याच. पन्नास कुप्यांचे खोके मोठे वाटते, पण ती पाच माणसांची बेगमी आहे. एक अडचण अजून सुटलेली नाही. सापाच्या विषाचा कस प्रदेशागणिक बदलतो, आणि एका प्रांतातल्या सापांच्या विषापासून केलेले औषध दुसऱ्या प्रांतातल्या दंशाला तितके लागू पडेलच असे नाही, असे अभ्यासक सांगत आले आहेत. ते काम प्रयोगशाळांनी लवकर हाती घ्यावे. तरीही या साखळीच्या एका टोकाला इरुला आदिवासी आहे आणि दुसऱ्या टोकाला माडिया, हे मनात आले की ऊर भरून येतो. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नसते.

1976 मध्ये आश्रमशाळा सुरू झाली आणि रसदीचे गणित पालटले. दवाखान्याची गरज चढ-उताराची, शाळेची रोजची. आज तिथे सहाशेच्या घरात मुले राहून शिकतात. त्यांना रोज दोन वेळचे जेवण, अंथरूण-पांघरूण, वह्या-पुस्तके. पूर आला म्हणून मुलांची भूक थांबत नाही. त्यातच प्रकाश आमट्यांनी शिकारीत आई गमावलेली पिल्ले सांभाळायला घेतली. बिबटे, अस्वले, तरस, मगरी. विलास मनोहरांच्या ‘नेगल’ पुस्तकाने या प्राण्यांना घराघरांत नेले. वाचकाला त्यातली माया भावते. मला त्या मायेबरोबर रोजच्या मांसाचा आणि दुधाचा हिशेबही दिसतो, कारण बिबट्याला डाळ-तांदूळ चालत नाही आणि त्याचे खाणे सहा महिने साठवता येत नाही. शस्त्रक्रियांच्या शिबिरांचाही मोसम ठरून गेला, तो उघाडीचा. बाहेरचे तज्ज्ञ डॉक्टर हिवाळ्यात येतात, साधने घेऊन येतात, आणि थोड्या दिवसांत पुष्कळ रुग्ण मोकळे होतात. तज्ज्ञाचे कौशल्यही पावसाआधीच आत आणायचे असते.

महाराष्ट्रातल्या इतर धंद्यांकडे पाहिले की हेमलकशाचे वेगळेपण ठळक होते. मुंबईचे डबेवाले 1890 पासून साठ्यावाचून काम करतात. डबा सकाळी निघतो, दुपारी पोचतो, संध्याकाळी रिकामा परत येतो, मध्ये कुठेही गोदाम नाही. त्यांचे सगळे बळ लोकलच्या वेळापत्रकात आणि डब्यावरच्या खुणांत. पुण्याजवळच्या चाकणच्या मोटार कारखान्यांनी जपानकडून जी रीत घेतली ती याच जातीची. सुटा भाग लागेल त्या वेळी दारात यावा, कोठारात पडून राहू नये. साठा म्हणजे अडकलेला पैसा, असे तिथे शिकवतात, आणि रस्ता बारमाही असेल तर ते खरेही आहे. पण मार्च 2021 मध्ये एक जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे झाले आणि जगभरचे कारखाने हवालदिल झाले, त्याच सुमारास महामारीत प्राणवायू आणि औषधांसाठी माणसे वणवण फिरली, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांना कळले की वाट बंद होण्याची शक्यता हिशेबात धरावीच लागते. हेमलकशाला हे 1974 च्या पावसाळ्यापासून ठाऊक आहे. सरकारी बाजूने या विषयात सर्वात भरीव काम माझ्या मते तमिळनाडूने केले. 1994 मध्ये तिथे औषध खरेदीसाठी वेगळे महामंडळ स्थापन झाले. यादी ठरलेली, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, प्रत्येक दवाखान्याला पासबुक, आणि त्यातून जितके लागेल तितके उचलायचे. मुख्यालयाने ठरवून दिलेले नव्हे, दवाखान्याने मागितलेले औषध तिथे पोचू लागले.

वाट केवळ पुरानेच अडते असे नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू गावाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला होता. 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले, तेव्हा कुठे त्या बांबूला मालकाच्या इच्छेने गाव सोडता आले. तेंदूचे लिलावही पुढे अनेक ग्रामसभा स्वतः करू लागल्या. रानातून बाहेर जाणाऱ्या मालाच्या साखळीवर रानातल्या माणसाचा हात पडला, ही या भागातली गेल्या पन्नास वर्षांतली मोठी घटना आहे. मोह आणि चारोळीच्या साठवणीचे त्यात अजून पुष्कळ बाकी आहे.

हेमलकशाकडे जाणारा रस्ता सावकाश सुधारला. 1980 पासून या भागात नक्षलवादी चळवळ शिरली. रस्ते-पुलांच्या कामांना विरोध झाला, कंत्राटदारांची वाहने जाळली गेली, आणि कामे वर्षानुवर्षे रखडली. त्याची किंमत पोलिसाने मोजली तशी बाजेवरच्या बाळंतिणीनेही मोजली. आता आलापल्ली-भामरागड हा राष्ट्रीय महामार्ग 130 डी म्हणून ओळखला जातो. वीज आली, फोन आला, दवाखाना मोठा झाला, आणि दूरच्या गावांत आरोग्यसेवक नेमून साधी औषधे तिथेच देण्याची सोय झाली. 2002 मध्ये डॉ. प्रकाश आमटे यांना पद्मश्री मिळाली, 2008 मध्ये दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार. त्याच वर्षी 9 फेब्रुवारीला बाबा गेले.

तरी पाऊस पाऊसच राहिला. 2019 च्या पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी भामरागडच्या बाजारपेठेत पुन्हा पुन्हा शिरले. 2024 च्या जुलैत कुडकेलीजवळ पुलाचे काम चालू असताना नाल्याला पूर आला, आणि एका गर्भवतीला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून पलीकडे काढावे लागले. महामार्गाचा क्रमांक मिळाला म्हणजे वाट बारमाही झाली असे समजायचे नाही.

म्हणूनच या भागात मला सर्वात पटलेली योजना रस्त्याची नाही. ती माहेरघराची आहे. दूरच्या पाड्यावरच्या गर्भवतीने दिवस भरत आले की आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात येऊन राहायचे, सोबत घरचे माणूस आणायचे, जेवणाची सोय तिथेच. औषध रुग्णापर्यंत पोचत नसेल तर रुग्णाने पुराआधी औषधापाशी यायचे. 1995 पासूनच्या नवसंजीवन योजनेत दुर्गम गावांना पावसाळ्याच्या चार महिन्यांचे धान्य आधीच पोचवण्याची तरतूद आहे, तीही याच शहाणपणाची. ‘सर्च’ या संस्थेने तिसरी वाट दाखवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून गडचिरोलीत काम करताना गावातल्याच बायकांना नवजात बाळाच्या आजारावरचे उपचार शिकवले, पिशवीत औषधे दिली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचे निष्कर्ष छापले. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. साखळीची शेवटची कडी बाळाच्या घरातच नेऊन बसवली, हे त्यामागचे गमक.

ड्रोनने लस पोचवण्याचे प्रयोग शेजारच्या तेलंगणात 2021 मध्ये झाले. ते इथेही व्हावेत. प्रतिविषाच्या दहा कुप्या पुरावरून उडत येत असतील तर त्याहून आनंदाचे काय. पण ड्रोन सहाशे मुलांचे तांदूळ आणणार नाही, हे ध्यानात असू द्यावे. दुसऱ्या पिढीने जिंजगावसारख्या गावांत लोकांच्या श्रमांतून तळी खोदायला घेतली, नेलगुंड्याला शाळा नेली. त्यात मला रसदीचाच पुढचा विचार दिसतो. जे बाहेरून आणावे लागते त्यातले थोडे इथेच पिकले, इथेच साठले, इथेच शिकले, तर मे महिन्यातली धावपळ तेवढी कमी होईल. माडिया मुले-मुली शिकून डॉक्टर, शिक्षक, परिचारिका होऊन याच भागात परत आली, तर त्याहून मोठी बेगमी नाही.

शेवटी या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी अनेक जण हेमलकशाला आणि अशा इतर संस्थांना मदत पाठवतात, आणि त्या मदतीवरच ही कामे उभी आहेत. पाठवण्याआधी काय हवे ते विचारा. घरात उरलेल्या गोळ्या आणि मुदत संपत आलेली औषधे पाठवू नका. दान केलेले औषध पोचल्यावर निदान एक वर्ष टिकेल असे असावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचाही दंडक आहे. वस्तू नेमकी ठाऊक नसेल तर पैसे पाठवा, म्हणजे संस्थेला आपल्या यादीप्रमाणे खरेदी करता येईल. आणि जे काही पाठवाल ते अक्षय तृतीयेच्या आधी निघेल असे बघा. जुलैत पाठवलेली पेटी नाल्याच्या अलीकडे राहते, आणि तिची गरज पलीकडे असते.